8ए वर 8ए लावूनही घरघर येते: शांत अ‍ॅम्बियंट ट्रॅक हाउस सेटमध्ये सुरात कसा बसवायचा?

गच्चीवरचा_डेक (इंदूर)

नमस्कार मंडळी. विजयनगरला एका उघड्या गच्चीवर संध्याकाळी 7 ते 10 असा सेट आहे. पहिला दीड तास डीप हाउस, 120 ते 124 बीपीएम (मिनिटाला ठोके). साडेआठच्या सुमारास ठोका पूर्ण थांबवून सहा मिनिटांचा एक शांत ट्रॅक ठेवायचा आहे आणि तिथूनच पुन्हा ठोका उचलायचा आहे. ट्रॅकमध्ये तंबोरा, त्यावर सिंथचा लांब पॅड आणि मागे पाऊस. ठेका अजिबात नाही.

सामान: दोन चॅनेलचा कंट्रोलर, लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स हे डीजे सॉफ्टवेअर. बाहेर पडणारा हाउस ट्रॅक मुळात 122 चा, तो 124 वर वाजतोय. मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद, कारण तो चालू केला की गायकी फाटल्यासारखी वाटते. अ‍ॅम्बियंट ट्रॅकचा पिच शून्यावर. सॉफ्टवेअर दोन्हीकडे 8ए हीच पट्टी दाखवतंय.

अडचणी अशा:
दोन्ही एकत्र उघडले की मधल्या पट्टीत घरघर येते, एक वाद्य उतरलेलं असावं तशी. अ‍ॅम्बियंट एकटा उरला की आवाज एकदम बसतो, आणि गेन वाढवला तर ठोका परत येताना लाल दिवा. सिंक (वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की पॅड गुरगुरतो आणि एकोची वेळ भलतीच होते. तंबोऱ्याचा तुकडा लूपवर टाकला तर सांध्यावर टक् वाजतं.

शेवटचं, परत येण्यासाठी तीन ट्रॅक काढून ठेवलेत: एक 8ए, एक 11ए, एक 3ए. कोणता घ्यावा?

पांढरी_सहा

पट्टीचं नाव जुळलं म्हणजे सूर जुळला असं नाही. 8ए म्हणजे ए मायनर, आपल्या भाषेत पांढरी 6. पण सॉफ्टवेअर सगळ्यात जवळच्या पट्टीचं नाव देतं. त्या पट्टीपासून ट्रॅक किती सेंट वर-खाली आहे ते सांगत नाही. 40 सेंट उतरलेला ट्रॅकही 8एच दिसेल. एका अर्ध्या स्वरात 100 सेंट असतात, म्हणजे जवळजवळ अर्धा मार्ग चुकला तरी लेबल तेच.

तुमच्या बाबतीत निम्मं उत्तर प्रश्नातच आहे. 122 चा ट्रॅक 124 वर म्हणजे +1.64 टक्के. मास्टर टेम्पो बंद असल्यामुळे सूरही तेवढाच चढतो: 28 सेंट. आता उरलेलं निम्मं शोधा. तंबोरा असलेले बरेच अ‍ॅम्बियंट ट्रॅक 440 वर (ए = 440 हर्ट्झ) लावलेले नसतात; 432 वर लावण्याची आवडही खूप आहे. मोजायची रीत: ट्रॅकला लो-पास फिल्टर लावून 300 हर्ट्झच्या वरचं कापा, मग फोनवरचा ट्यूनर हेडफोनच्या कपाला टेकवा. फिल्टर न लावता मोजलं तर जवारीमुळे, म्हणजे तारेच्या झणझणत्या उपस्वरांमुळे, काटा सा आणि प यांच्यात उड्या मारत राहतो. घरची पेटी फक्त स्वराचं नाव ओळखायला वापरा, सेंट मोजायला नको; पेट्या स्वतःच 440 वर असतील याची खात्री नसते.

आकडा टाका, मग पुढचं बोलू.

गच्चीवरचा_डेक

मोजलं. ए, उणे 32 सेंट, काटा स्थिर आहे. पॅडही तिथेच.

पांढरी_सहा

म्हणजे 432 च. हिशेब असा: तंबोरा 32 खाली, हाउस 28 वर, मिळून 60 सेंटची दरी. अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त. दोन स्वर इतके जवळ पण वेगळे वाजले की त्यांच्या कंपनसंख्येतल्या फरकाएवढे हेलकावे दर सेकंदाला ऐकू येतात. 220 च्या ए ला तुमचा तंबोरा 216 वर आहे आणि हाउस 223.6 वर, म्हणजे सेकंदाला साडेसात हेलकावे. तीच तुमची घरघर. खाली 55 च्या ए ला हाच फरक सेकंदाला दोनाहून थोडा कमी भरतो. तिथे घरघर ऐकू येत नाही, बेस फुगतो आणि बसतो, आणि माणूस त्याचा दोष स्पीकरला देतो.

उपाय सोपा आहे, कारण अ‍ॅम्बियंटला ठेका नाही. त्याचा वेग बदलला तर कोणाच्या पायाला कळणार नाही, तेव्हा पिच फेडर वेगासाठी न वापरता सुरासाठी वापरा. त्या डेकचा मास्टर टेम्पो बंद, सिंक बंद, रेंज ±6 टक्के, फेडर +3.52 वर. सूर बरोबर 60 सेंट चढतो आणि सहा मिनिटांचा ट्रॅक 5 मिनिटं 48 सेकंदांचा होतो. रेंज ±16 वर ठेवू नका, फेडरची तेवढीच हालचाल जास्त सेंट फिरवते आणि बारीक जुळवणी हाताला लागत नाही. साधारण 1 टक्का म्हणजे 17 सेंट, एवढं लक्षात ठेवलं की गणकयंत्र लागत नाही.

रेकॉर्डबॉक्समधलं की-शिफ्ट इथे कामाचं नाही. ते पूर्ण अर्ध्या स्वरानेच सरकतं, 60 सेंटचं दुखणं 40 सेंटचं करून ठेवेल.

मग कानाने पक्कं करा. दोन्ही चॅनेलचे लो आणि हाय बंद, फक्त मिड उघडे, हेडफोनमध्ये दोन्ही क्यू. फेडर इतका हळू हलवा की हेलकावे मंदावत मंदावत थांबतील. तंबोरा लावताना जोडीच्या तारा मिळवतात तीच रीत.

गच्चीवरचा_डेक

+3.52 वर घरघर गेली! पण परत येणारा ट्रॅक मी मूळ वेगावर म्हणजे 440 वर सुरू करणार आहे. मग त्याच्याशी अ‍ॅम्बियंट 28 सेंट चढलेला राहील ना?

पांढरी_सहा

हो. अ‍ॅम्बियंट एकटा वाजत असताना फेडर +3.52 वरून +1.85 पर्यंत उतरवा. 432 ला 440 करायला +1.85 लागतात. दोन मिनिटं घ्या, दर सात-आठ सेकंदांनी टक्क्याच्या दहाव्या भागाएवढी हालचाल. सोबत दुसरा सूर वाजत नसला की इतकी संथ उतरण कानाला सापडत नाही. फक्त हाउसचा चॅनेल पूर्ण बंद आहे आणि रिव्हर्बची शेपटी संपली आहे याची खात्री करूनच सुरू करा.

खर्जाची_तार

पांढरी सहा यांचं गणित बरोबर आहे, पण सरकवण्याचा उपाय मला पटत नाही. षड्ज हलवायचा नाही, आणि गच्चीवर चार गाणारी माणसं असली तर त्यांना तो हललेला कळेलही. इंदूर आहे हे, अमीर खाँ साहेबांची अतिविलंबित ऐकलेले कान इथे अजून आहेत. शांत भाग जवळ येतोय तर वेग आधीच उतरवा ना. 124 वरून 122 वर यायला आधीचा एक पूर्ण ट्रॅक घ्या, चार-पाच मिनिटांत दोन बीपीएम. मग बाहेर पडणारा ट्रॅक मूळ वेगावर, सूर 440 वर, मास्टर टेम्पोचा प्रश्नच नाही. अ‍ॅम्बियंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत +1.85 वर स्थिर. लांबी 5 मिनिटं 53 सेकंद.

124 सोडायचाच नसेल तर मास्टर टेम्पो चालू करून नीट ऐका. 1.6 टक्क्यांच्या ताणाला गायकी सहसा फाटत नाही. पण तो ट्रॅक सुरू होण्याआधीच चालू करा. मधेच दाबलात तर सूर एका क्षणात 28 सेंट खाली आपटतो.

आता परतीच्या ट्रॅकबद्दल, कारण खरी मजा तिथे आहे.

तुमच्या तंबोऱ्यात सा आणि प आहेत, म्हणजे ए आणि ई. गंधार कोणी वाजवत नाही, त्यामुळे मेजर की मायनर हे ठरलेलंच नाही; सॉफ्टवेअरने 8ए हा अंदाज केलाय. आता बघा की ए आणि ई हे दोन्ही स्वर कोणकोणत्या पट्ट्यांत आहेत: कॅमलॉट चक्रावर (8ए, 11ए ही नावं ज्या पट्ट्यांच्या वर्तुळातून येतात ते) 7 पासून 12 पर्यंत, ए म्हणजे मायनर आणि बी म्हणजे मेजर अशा दोन्ही ओळींत. सलग सहा घरं! नेहमीच्या मिक्सिंगमध्ये एक घर पुढे किंवा मागे एवढीच मोकळीक असते. शांत ट्रॅक हा सेटमधला एकमेव पूल आहे जिथून कोणाला धक्का न देता तीन घरं ओलांडता येतात.

म्हणून माझं मत 11ए. एफ शार्प मायनर, काळी 3. त्या पट्टीत ए हा कोमल गंधार होतो. तंबोरा तोच वाजत राहतो, खाली बेस एफ शार्पवर उतरतो, आणि आतापर्यंत सा वाटणारा स्वर अचानक ग वाटायला लागतो. 8ए घेतलात तर सुरक्षित, पण सहा मिनिटं थांबून त्याच खोलीत परत आल्यासारखं होईल. 3ए मुळीच नको: बी फ्लॅट मायनरमध्ये ए पण नाही आणि ई पण नाही, तंबोऱ्याचे दोन्ही स्वर बाहेर पडतात.

सहा घरं सारखी गोड नाहीत हेही सांगतो. 12ए मध्ये ए हा कोमल धैवत होतो, तिथे ताण येतो. हवा असेल तरच घ्या. आणि तंबोरा प ऐवजी मध्यमावर लावलेला असेल, मालकंससारख्या रागांना लावतात तसा, तर स्वर ए आणि डी होतात आणि चालणारी घरं 6 ते 11. एक घर मागे सरकतं. पॅडमध्ये कोणी गंधार धरून ठेवलाय का तेही ऐका, धरला असेल तर ही सगळी मोकळीक जाते.

अजून एक. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार बोलतो. तो शुद्ध गंधार असतो, कोमल नाही. ए मायनरच्या सिंथमध्ये सी धरलेला असेल तर या सी शार्पशी तो घासतो आणि सूर मिळूनही काहीतरी टोचत राहतं. खर्ज 110 ला असेल तर तो गंधार 550 च्या आसपास सापडतो. एडिटरमध्ये तिथे अरुंद कट, 4 डीबी, पुरे. कंट्रोलरच्या मिड नॉबने करायला जाऊ नका, पॅडचा जीवच जाईल. 11ए ला हा त्रास नाही, सी शार्प त्या पट्टीतलाच स्वर आहे.

गच्चीवरचा_डेक

हे डोक्यातच आलं नव्हतं. 11ए लावून ऐकलं, बेस उतरतो ती जागा फार सुंदर आहे. 122 वर उतरण्याचा मार्ग घेतो. आता सिंक, लूप आणि आवाज राहिले.

पांढरी_सहा

षड्जाबद्दल खर्जाची तार यांचं ऐका, 122 चा मार्ग जास्त स्वच्छ आहे. सरकवणं दोन टोकांचे वेग बदलताच येत नसतील तेव्हासाठी ठेवा.

सिंक: ठेका नसलेल्या ट्रॅकला सॉफ्टवेअर काहीतरी बीपीएम चिकटवतंच. समजा त्याने 87.3 ठरवलं. सिंक दाबलं की ते 124 करायला ट्रॅक 42 टक्के पळवतं, मास्टर टेम्पो चालू असेल तर सूर तिथेच ठेवून पळवतं, आणि पॅड गुरगुरतो. एकोचंही तेच: इफेक्ट मास्टर डेकचा बीपीएम घेतो. हाउस थांबला की मास्टरपद अ‍ॅम्बियंटकडे जातं आणि 124 च्या हिशेबाने 484 मिलिसेकंदांचा एको 687 चा होतो.

ग्रिड (ठोक्यांच्या खुणा) एडिटमध्ये जाऊन त्या ट्रॅकचा बीपीएम हाताने भरा. ट्रॅक +1.85 वर वाजणार आहे, म्हणून 119.8 भरा, म्हणजे डेकवर 122 दिसेल. ग्रिड खोटंच आहे, पण इफेक्टला खरा आकडा मिळतो: 122 ला एक ठोका 492 मिलिसेकंद. क्वांटाइझ अ‍ॅम्बियंटच्या डेकवर बंद, हाउसच्या डेकवर चालू.

बाहेर पडण्याचा क्रम. 122 ला 32 बार म्हणजे 63 सेकंद, तेवढा वेळ घ्या. अ‍ॅम्बियंट लो पूर्ण बंद करून आत आणा, फेडर पहिल्या 16 बारमध्ये वर. हाउसवर हाय-पास फिल्टर पुढच्या 8 बारमध्ये हळूहळू. किक पातळ झाली की अ‍ॅम्बियंटचा लो उघडा, दोघांचे लो एकाच वेळी नकोत. शेवटच्या 8 बारमध्ये पाऊण ठोक्याचा एको, फीडबॅक मध्यम, आणि फेडर खाली. इथे एक गोष्ट हमखास बिघडते: एको आणि रिव्हर्ब शेवटचा वाजलेला कॉर्ड धरून ठेवतात. तो ए मायनरचा नसून एफ किंवा जी चा असेल तर त्याची शेपटी तंबोऱ्यावर आठ-दहा सेकंद लोंबकळते. कॉर्डचं आवर्तन मोजा आणि फेडर घराच्या कॉर्डवर ओढा. तिथे हॉट क्यू (त्या जागेची खूण) लावून ठेवा, अंदाजावर सोडू नका.

परत येताना उलटं. पॅडला स्वतःची लाट असते, भरतो आणि ओसरतो. नव्या ट्रॅकचे हाय-हॅट फिल्टरमधून 8 बार आधी येऊ देत, पण किकचा पहिला ठोका लाटेच्या माथ्यावर पडला पाहिजे. लाट ओसरताना किक आली तर दोन गाणी चुकून एकत्र लागल्यासारखं वाटतं. तंबोरा किकनंतर निदान 16 बार वाजत ठेवा, लो बंद करून. काळी 3 चा बेस त्याच्याखाली आल्याशिवाय तो बदल कळायचाच नाही.

लूप: टक् येतं कारण तुकड्याच्या शेवटची लहर आणि सुरुवातीची लहर एकमेकींना जुळत नाहीत. डेकवर नाही सुटणार. ऑडासिटीत 40 सेकंदांचा तुकडा घ्या, शेवटचे 8 सेकंद कापून सुरुवातीच्या 8 सेकंदांवर टाका, शेवटचे फेड-आउट, सुरुवातीचे फेड-इन. 32 सेकंदांचा सांधा नसलेला तुकडा मिळतो. फेड सरळ रेषेचा ठेवू नका, मध्यावर आवाज साधारण 3 डीबी बसतो. समान शक्तीचा वक्र निवडा. असे चार-पाच तुकडे जोडून ट्रॅक आठ मिनिटांचा करून डब्ल्यूएव्हीमध्ये काढून ठेवा. मग लूपची गरजच नाही आणि हातात वेळ राहतो.

अर्थिंग_बघा

आवाजाचं मी सांगतो भिया, कारण गच्चीवर सूर जुळूनही तिथेच सगळं फसतं.

क्लबसाठी मास्टर केलेला हाउस ट्रॅक उणे 8 एलयूएफएसच्या (ट्रॅक सरासरी किती मोठा ऐकू येतो त्याचं माप) आसपास असतो, असा अ‍ॅम्बियंट उणे 20-22 ला. 14 डीबीची दरी. घरी हेडफोनवर ती छान वाटते. गच्चीवर गप्पा आणि खालचा ए.बी. रोड मिळून तंबोरा गिळून टाकतात. लक्ष्य ठेवा 5 ते 6 डीबीची दरी. म्हणजे अ‍ॅम्बियंट 8 डीबी वर न्या, आणि तेही कंट्रोलरच्या ट्रिमवर (गेनच्या नॉबवर) नाही, फाइलमध्येच. आधी शिखर बघा: उणे 7 असेल तर 8 वाढवल्यावर 1 डीबी बाहेर जातं, तेवढं लिमिटरला द्या. शिखरं त्याहून उंच असतील तर 8 चा हट्ट सोडा, 5 वाढवा आणि उरलेलं हाउसकडून घ्या: अ‍ॅम्बियंटच्या आधी चार मिनिटं हाउसचा फेडर दर अर्ध्या मिनिटाला थोडा थोडा, एकूण 3 डीबी उतरवा. कान त्या पातळीला सरावतो. असं केलंत की ट्रिमला हात लागत नाही, म्हणून परतीला लाल दिवाही नाही. रेकॉर्डबॉक्सचं ऑटो गेन या ट्रॅकपुरतं बंद ठेवा, नाहीतर ते तुमच्या हिशेबावर स्वतःचा हिशेब चढवेल.

हलक्या आवाजात कानाला बेस आणि वरची झिलई दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून अ‍ॅम्बियंट पोकळ वाटतो. मास्टर वाढवू नका. त्या चॅनेलचा लो 2 डीबी वर, हाय 1 डीबी, एवढ्याने भरतो.

पीएवाल्याला आधी विचारा की कॉम्प्रेसर लावलाय का. किक चालू असेपर्यंत तो सगळं दाबून धरतो. किक थांबली की हळूहळू सोडतो आणि पाऊस, हिस, सगळं वर येतं. मग किक परत आली की पहिला ठोका दबका. शक्य तर त्याला फक्त लिमिटर ठेवायला सांगा.

आणि हम, म्हणजे विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. हाउस चालू असताना अर्थिंगचा हम किकखाली लपतो, तंबोरा एकटा उरला की सगळ्यांना ऐकू येतो. 50 हर्ट्झ म्हणजे जी पेक्षा 35 सेंट वर, तुमच्या सा पासून पाहिलं तर कोमल आणि शुद्ध निषादाच्या मधे कुठेतरी, सतत धरलेला. इतकी मेहनत करून लावलेल्या सुराखाली तो वाजत राहिला तर काही उरत नाही. 100 आणि 150 वरही येतो, म्हणून फक्त लो कापून जात नाही.

लॅपटॉपचा चार्जर, कंट्रोलर आणि पीए एकाच बोर्डवरून घ्या. कंट्रोलरला बॅलन्स्ड आउट नसेल तर आरसीएची केबल मीटरभरच ठेवा, तिथे डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) लावून ग्राउंड लिफ्ट दाबा, पुढे एक्सएलआर. हम गेला नाही तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. गेला तर दोषी सापडला, ती सहा मिनिटं बॅटरीवर काढा. प्लगची अर्थची पिन मात्र कोणी काढायला सांगितली तरी काढायची नाही. गच्ची ओली असेल तर जीव जाईल.

तपासणी संध्याकाळी सहालाच करा. सगळे फेडर वर, काहीही न वाजवता, मास्टर त्याच पातळीवर जिथे साडेआठला असणार आहे. एलईडीचे डिमर आणि फ्रिज चालू करूनच बघा, बरेचदा आवाज तिथून येतो.

गच्चीवरचा_डेक

डिमर आहेत, त्याच बोर्डवर आहेत. लाइटवाल्याला वेगळी लाइन ओढायला सांगतो. आठ मिनिटांची फाइल 8 डीबी वाढवून तयार केली, शिखर उणे 7.4 होतं, लिमिटर अर्ध्या डीबीहून थोडं जास्त घेतोय. एक शंका: 10 ला बंद करायचं आहे, शेवटीही हाच तंबोरा आणला तर?

खर्जाची_तार

आणा, पण 10 ला उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद, म्हणून 9:50 ला आत. तेव्हा सेट ज्या पट्टीत असेल तिथून उलटा हिशेब करा: शेवटचा हाउस ट्रॅक 7 ते 12 मधला निवडा, शक्य तर 9ए. ई मायनरमध्ये तंबोऱ्याचा प हाच त्या गाण्याचा सा असतो, आणि बेस गेल्यावर कान आपोआप खालच्या ए वर येऊन बसतो. तो ट्रॅकही मूळ वेगावर ठेवा, म्हणजे +1.85 बदलावं लागणार नाही.